घरातला रविवार कोणाचा?



जून-जुलै आला की आमच्या दारी दोन प्रकारची माणसे येतात. एक, मुलांच्या प्रवेशासाठी ओळखपाळख शोधणारी. त्यांच्यासाठी आमच्यासारख्या निवृत्त पोस्टमनच्या हातात काही नसते, हे त्यांनाही ठाऊक असते, तरी येतात. दुसरी माणसे दबक्या आवाजात विचारतात, "काका, या वयात पदवीचा फॉर्म भरला तर चालतो का हो?" आजचा मजकूर या दुसऱ्या माणसांसाठी, आणि त्याहूनही जास्त त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

गेल्या रविवारी अशीच एक भगिनी आली. दवाखान्यात कंत्राटावर आयाचे काम करते. बारावी पास आहे. बारावीच्या निकालानंतर महिन्याभरात लग्न झाले, तेव्हापासून गुणपत्रक पत्र्याच्या पेटीत. आता मुलगी दहावीत गेली आहे. सोबत नवरा होता, तो टेम्पो चालवतो. तो आत आला नाही, बाहेर कट्ट्यावर बसून राहिला. बाईंनी तीन प्रश्न विचारले. फी किती पडते? त्या कागदाला नोकरीत किंमत असते का? आणि तिसरा प्रश्न बाहेर बसलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहून, अगदी हळू आवाजात, "रविवारी जावंच लागतं का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही दिली. तिसऱ्या प्रश्नाशी आम्ही अडखळलो. का अडखळलो ते पुढे येईलच.

काम करणाऱ्या माणसाने शिकायचे कधी, हा आपल्या समाजापुढचा जुना प्रश्न आहे. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस मालकाचा होता. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि तेथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण दहानंतर पोरांना कचेरीत किंवा गोदीत हजर व्हायचे असे. दोन्ही ठिकाणी शाळेने आपले घड्याळ गरिबाच्या घड्याळाला लावून घेतले. पण रात्रशाळा असो वा सकाळचे कॉलेज, तेथे जाऊन बसावे लागे. जो तालुक्याच्याही पलीकडे राहतो, ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, जिच्या कडेवर मूल आहे, त्यांचे काय?

त्यांच्यासाठी पत्रद्वारा शिक्षण आले. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली त्याची सुरुवात केली, मुंबई विद्यापीठात ते १९७१ साली आले. नोट्स टपालाने यायच्या, परीक्षा त्याच विद्यापीठाची. सोय चांगली होती, पण दार जुनेच होते. मॅट्रिक किंवा बारावीचा कागद असेल तरच आत. ज्याचे शिक्षण चौथीत सुटले त्याला टपालही उपयोगाचे नव्हते.

ते दार प्रथम हैदराबादला उघडले. १९८२ साली तेथे देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. आधी त्याचे नाव आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ असे होते, १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ हे नाव मिळाले. प्रा. जी. राम रेड्डी हे त्याचे पहिले कुलगुरू. शाळेचा कागद नसलेल्या पण वयाने प्रौढ असलेल्या माणसाने एक पात्रता परीक्षा द्यावी आणि थेट बी. ए.ला बसावे, अशी वाट त्यांनी ठेवली होती. पुढे १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो ते स्थापन झाले, त्याचेही पहिले कुलगुरू तेच. इग्नूने १९८७ साली शिकवायला सुरुवात केली तेव्हा दोन अभ्यासक्रम आणि साडेचार हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. आज तेथे लाखोंनी शिकतात. आपल्या महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. तेथेही दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता.

त्या वर्षांत आम्ही मध्य मुंबईत टपाल वाटत होतो. आमच्या बीटात बीडीडीच्या चाळी होत्या, त्यामागे बैठ्या खोल्या. चाळीत येणारे टपाल ठरलेले असे. गावाकडची पोस्टकार्डे, एलआयसीच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स, मुलाखतीची बोलावणी. बाईच्या नावाने टपाल जवळजवळ नसेच. माहेरचे पत्रसुद्धा जावयाच्या नावाने यायचे, आत "सौ. ला आशीर्वाद" एवढीच तिची ओळ. अशा चाळीत एके दिवशी मैदानगढी, नवी दिल्ली अशा पत्त्याचे जाडजूड पाकीट आले आणि त्यावर एका गिरणी कामगाराच्या पत्नीचे पूर्ण नाव टाईप केलेले होते. आम्ही दोनदा वाचले. तिसऱ्या मजल्यावर जाऊन हाक मारली तर ती माउली दारात आली आणि म्हणाली, "माझंच हाय का? नीट बघा, भाऊ." सही करताना तिचा हात थरथरत होता. खोलीतली पोरे, शेजारणी, सगळ्या गोळा झाल्या होत्या. गिरण्यांचा संप होऊन बरीच वर्षे लोटली होती, घर तिच्या खानावळीच्या डब्यांवर चालत होते. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत आम्ही मनिऑर्डरी पुष्कळ वाटल्या, पण त्या पाकिटाइतका आनंद कुठल्या मनिऑर्डरीने झालेला आम्ही पाहिला नाही.

तेव्हा दूरशिक्षण हा उपरा प्रकार आहे, खरे शिक्षण नव्हे, असे जे म्हणतात त्यांच्याशी आमचे पटत नाही. ते पाकीट आम्ही स्वतः खांद्यावरून नेले आहे.

पण दुसरी बाजूही आम्ही पाहिली. तीच पाकिटे काही घरांत महिनोन् महिने न उघडता माळ्यावर पडत. नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे, ज्ञानगंगा घरोघरी. ब्रीद चांगले आहे. मात्र गंगा घरी आली तर घरात तिला जागा हवी ना! बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-आठ माणसे. रात्री एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. अशा खोलीत पुस्तक उघडायचे कोठे, आणि कोणत्या वेळी? या प्रश्नाचे उत्तर कोणतेही विद्यापीठ टपालाने पाठवू शकत नाही.

याचे एक उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबांचे कुटुंब राहत होते तेव्हाची गोष्ट. भीमरावांना लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे, तोवर घर शांत झालेले असे. आपण ही गोष्ट जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. त्यात रामजीबाबांचा दाखला जास्त आहे असे आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे. खोली मोठी करणे त्यांच्या हातात नव्हते, त्यांनी खोलीचे वेळापत्रक बदलले, आणि स्वतःची झोप मोडून बदलले.

आता आमच्या घरची गोष्ट. लिहिताना हात जड होतो, पण त्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमच्या मुलांच्या आईची शाळा आठवीत सुटली होती. १९९२ साली तिने नाशिकच्या विद्यापीठाचा पूर्वतयारीचा फॉर्म भरला. आम्हीच भरायला लावला, त्याचा आम्हाला अभिमान होता आणि तो आम्ही चारचौघांत मिरवतही होतो. १९९३ साली ती पास झाली आणि बी. ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. अभ्यासकेंद्र दादरला. रविवारी संपर्कसत्र असे. विद्यापीठ ज्यांना समंत्रक म्हणते ते प्राध्यापक येत, शंका विचारता येत, स्वाध्याय तपासून मिळत. पहिले वर्ष तिने काढले. निकाल घेऊन आली त्या दिवशी तिने पेढे स्वतःच्या पैशाने आणले होते, आमच्याकडे मागितले नाहीत.

दुसऱ्या वर्षी हळूहळू रविवार जाऊ लागले. रविवारी घरी मटण. रविवारी पाहुणे. रविवारीच मंडळाची सभा, तीत आम्ही स्त्रियांच्या शिक्षणावर बोलत असू, आणि सभेला निघण्याआधी ताट वेळेवर आले नाही म्हणून कुरकुरतही असू. तिला कोणी केंद्रावर जाऊ नकोस म्हणाले नाही. आम्ही तर कधीच नाही. फक्त "आजच्या दिवस राहू दे" म्हणालो. असे आजचे दिवस किती झाले ते आम्ही मोजले नाहीत, तिने मोजले असतील. मग मे महिन्यात परीक्षा आणि त्याच आठवड्यात गावी पुतणीचे लग्न. आम्ही म्हणालो, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते. विद्यापीठाचा नियमच तसा आहे.

वाचकहो, नियम खरोखर तसाच होता. मुक्त विद्यापीठ मोलकरणीला, कामगाराला, आईला सवलत देते की जमेल तसे शिका, राहिलेला पेपर पुढे द्या. ही सवलत शिकणाऱ्यासाठी असते. आमच्या घरात ती आम्ही वापरली. कॉलेज असते तर हजेरी होती, घंटा होती, "पेपर बुडेल" म्हणण्याची सोय होती. येथे काहीच बुडत नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी तिचेच बुडवायचे ठरत होते. पुढचे वर्ष आले, त्याच्या पुढचेही आले, आणि नोंदणीची मुदत संपली. ती एकदाही रागावली नाही. दुसऱ्या वर्षाची पुस्तके मात्र तिने रद्दीत घालू दिली नाहीत.

हे सगळे आमच्या एकट्याच्या घरचे असते तर लिहिले नसते. पण जगात जेथे जेथे गरिबांसाठी दुरून शिकवण्याचे प्रयोग झाले, तेथे तेथे गाठ याच ठिकाणी पडलेली दिसते. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. (बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले ते न्यूयॉर्कचे विद्यापीठ, त्याचा या देशाशी संबंध नाही. आमचीही एकदा गफलत झाली होती.) तेथे १९४७ साली सुतातेन्सा या डोंगरातल्या खेड्यात होसे होआकिन साल्सेदो नावाच्या तरुण पाद्र्याने रेडिओ केंद्र काढले आणि निरक्षर शेतकऱ्यांना हवेतून अक्षरे शिकवायला सुरुवात केली. बॅटरीवरचे रेडिओ वाटले, त्यावर तेवढे एकच स्टेशन लागे, गाणी ऐकायची सोय नाही! वाचन, लेखन, हिशेब, शेती, आरोग्य असे सगळे धडे. चार दशके हे काम चालले. लिहायला शिकलेल्या शेतकऱ्यांनी त्या केंद्राला हजारोंनी पत्रे पाठवली आणि ती आजही जपून ठेवलेली आहेत. आमच्यासारख्या पोस्टमनला हे वाचून फार बरे वाटले.

तरी नुसत्या रेडिओने ते लोक शिकले नाहीत. प्रत्येक घोळक्यात एक सहायक असे. तो मास्तर नव्हे. त्याच घरातला किंवा शेजारचा, थोडेफार वाचता येणारा कोणीही. रेडिओवरचा आवाज सांगे ते तो फळ्यावर लिहून दाखवी, कोणाचे चुकले ते पाही, आणि ठरल्या वेळी सगळ्यांना गोळा करी. शिकवणारा डोंगरापलीकडे असला तरी चालत होते, बोलावणारा मात्र दारात लागत होता. घरातल्या कामात बुडालेल्या बाईला "चल, वेळ झाली" म्हणणारा माणूस यंत्रातून येत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. ते आपल्याला अधिक जवळचे आहे आणि अधिक बोचणारेही. तेथील साउथ आफ्रिका विद्यापीठ, ज्याला युनिसा म्हणतात, १९४६ पासून टपालाने शिकवू लागले. नेल्सन मंडेलांनी बी. ए. याच विद्यापीठातून बाहेरून अभ्यास करून केले, १९४३ मध्ये. पुढे १९५९ साली गोऱ्या सरकारने कायदा करून काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांतून जवळजवळ हद्दपार केले. पण युनिसाचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले. कारण काय असावे? आम्हाला वाटते, पाकिटाला शेजारी बसावे लागत नाही. टपालात शिवाशीव नसते. काळा विद्यार्थी घरी बसून शिकत असेल तर गोऱ्या पोराच्या बाकावर त्याची सावली पडत नाही. रॉबेन बेटाच्या तुरुंगातले कैदीसुद्धा पत्रद्वारा शिकत. तेथे अभ्यासाची परवानगी ही सवलत मानली जाई आणि शिक्षा म्हणून ती काढूनही घेतली जाई, मंडेलांची तर काही वर्षे काढून घेतली होती. अखेर १९८९ साली, अजून कैदेत असतानाच, त्यांनी युनिसाची कायद्याची पदवी मिळवली.

ज्या वाटेने आपल्याला दूर ठेवायचे त्याच वाटेने तो माणूस पदवीपर्यंत गेला, हे मोठेच. तरीही आपण सावध राहिले पाहिजे. "तुम्हाला घरबसल्या मिळते आहे ना, मग कॉलेज कशाला, वसतिगृह कशाला?" असे कोणी म्हणू लागले तर त्याला तेथेच अडवावे. बाबासाहेबांनी मुंबईला आणि पुढे औरंगाबादला महाविद्यालये काढली, ती पोरांना घरी पुस्तके पाठवून भागले नसते म्हणूनच. एका बाकावर बसणे, ग्रंथालयात हात घालून पुस्तक काढणे, प्राध्यापकाशी वाद घालणे, हेही शिक्षण आहे. प्रौढ, नोकरदार, संसारी माणसाला दूरशिक्षण द्या. लेकरांना शाळाच द्या.

हे बोलणे हवेतले नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. आपल्या वस्त्यांत काय झाले ते आपण पाहिले आहे. एका घरात एक फोन, तोही बाप कामावर नेणार. तीन भावंडे, तिघांचे वर्ग एकाच वेळी. त्यातला एक मुलगा असला तर फोन कोणाच्या हातात गेला हे सांगायला नको. रिचार्ज संपला की वर्ग संपला. त्या दोन वर्षांत ज्यांनी शाळा सोडली त्यांपैकी काही पोरे आज आम्हाला भाजीच्या गाडीवर आणि कुरिअरच्या थैलीसह दिसतात. त्यांना आम्ही सांगतो की अजून वेळ गेलेली नाही. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, केंद्र सरकारचे मुक्त विद्यालय आहे. तेथून मग पदवी.

आता पहिल्या दोन प्रश्नांविषयी थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांचे असतात. मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीत चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोघांनाही आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता हवी. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते, घरातल्या कोणाही पोराला मोबाइलवर पाहायला सांगावे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग, औषधनिर्माण यांच्या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. मिळवून देतो म्हणणारा दलाल असला तर समजा की तो तुमचे पैसे आणि वर्ष दोन्ही खाणार. आमच्या ओळखीच्या एका वॉचमन बंधूने "सहा महिन्यांत पदवी"साठी बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले होते. हाती आला तो रंगीत कागद, जो कोणत्याही कचेरीत चालला नाही.

पूर्वतयारीसारख्या वाटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, तेव्हा बारावी नसलेल्यांनी ऐकीव माहितीवर न जाता केंद्रावर जाऊन विचारावे. फीच्या बाबतीत लाजू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या लेकरांसाठी १९४४ पासून चालत आलेली योजना आहे आणि तिच्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. आपल्याला काय लागू होते ते केंद्रावर आणि समाजकल्याण कार्यालयात विचारावे, आणि "नाही" म्हणाले तर का नाही ते लेखी मागावे.

एवढे सगळे त्या ताईंना सांगून झाले. उरला रविवार. आम्ही बाहेर गेलो आणि त्या दादांना आत बोलावले. चहा ठेवला. (आम्ही ठेवला, हे मुद्दाम सांगतो. साखर जास्त झाली.) आणि वर लिहिली ती आमच्या घरची गोष्ट त्यांना सांगितली, काही न लपवता. आमच्या मुलांची आई तेव्हा खाटेवर बसून शेंगा सोलत होती. ती मध्ये एकदाच बोलली. लग्नाची तारीख आम्ही चुकीची सांगितली होती, ती तिने दुरुस्त केली.

दादा बराच वेळ गप्प होते. माणूस वाईट नाही. पहाटे चारला भाजी मार्केटचा फेरा असतो त्यांचा, आठवड्यातून एकच दिवस झोप मिळते. म्हणाले, "काका, रविवारी माझीपण सुट्टी असते हो." यात खोटे काही नव्हते. आम्ही म्हणालो, मग अर्धी-अर्धी करा. दर रविवारी काही केंद्र नसते, सत्रांचे वेळापत्रक आधी मिळते. ते भिंतीवर लावा. त्या दिवशी सकाळची भाजी-भाकरी तुम्ही आणि मुलगी मिळून करा. पोरगी दहावीत आहे, तिचाही अभ्यास असतो, तेव्हा सगळे तिच्यावर ढकलू नका. लग्नकार्याची तारीख ठरवताना कॅलेंडरवर आधी परीक्षेचे दिवस पाहा. आणि शेजारच्या चाळीतली दोन पोरे याच वर्षी बी. कॉम.ला नाव घालत आहेत. विहारात संध्याकाळी वंदनेनंतर दिवे चालूच असतात, तेथे तासभर एकत्र बसा. एकट्याने उघडलेले पुस्तक लवकर मिटते. दादा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

आमच्या घरात सध्या सूनबाई इतिहासात एम. ए. करत आहेत, त्याच मुक्त विद्यापीठातून. नाव घालताना त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, फक्त सत्रांचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवले. पहिल्या रविवारी त्या निघाल्या तेव्हा आमच्या मुलांच्या आईने माळ्यावरची ती जुनी पुस्तके काढून त्यांच्यापुढे ठेवली. अभ्यासक्रम केव्हाच बदललेला, पुस्तकांचा उपयोग शून्य. सूनबाईंनी तरी एक उघडले. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शंका लिहिलेल्या होत्या, पुढच्या सत्रात विचारायच्या म्हणून. तीसेक वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या दोनांची उत्तरे सूनबाईंनी तेथेच उभ्या उभ्या दिली, तिसरीला म्हणाल्या, "हे मलाही विचारावं लागेल, आई." संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी ते उत्तर आणले होते. त्यानंतर दोघी तासभर काय बोलत होत्या ते आम्हाला कळले नाही, आम्ही कांदा चिरत होतो.

त्या दवाखान्यातल्या ताई अजून परत आलेल्या नाहीत. त्यांचे बारावीचे गुणपत्रक आमच्याकडे राहिले आहे. झेरॉक्स काढायला म्हणून आम्ही घेतले होते. तीन प्रती काढून पाकिटात घालून ठेवल्या आहेत, वर त्यांचे पूर्ण नाव लिहिले आहे.